पाटीखालचं नाव

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी हैदराबादच्या एका कलादालनात मी फरशीवर पडले. आवाज मोठा झाला. लोकांनी वळून पाहिलं.

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. भरीव वेळूची, तीन फूट लांब. १९८१ साली सेलूच्या वीरुपाक्ष पेंटरनी मला पिंगळीच्या शिवारातून आणलं, तासलं आणि एका टोकाला चिंधीचा गोळा बांधला. पाटी रंगवताना रंगारी डाव्या हाताने अशी काठी पाटीला टेकवतात आणि उजवं मनगट तिच्यावर ठेवून लिहितात. हात थरथरत नाही, ओला रंग फिसकटत नाही. हेच माझं काम होतं.

कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवरचं ‘विडी ओढण्यास सक्त मनाई’ आम्ही लिहिलं. शाळांचे फळे लिहिले, मोंढ्याच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या लिहिल्या. इतर रंगारी आधी शिरोरेषा मारून घेत आणि तिला अक्षरं लटकवत. पेंटर आधी अक्षरं लिहीत. शिरोरेषा शेवटी, एका दमात. तेवढा वेळ ते श्वास घेत नसत. इंग्रजी पाट्यांचं वेगळं होतं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. कुणी कागदावर लिहून दिलं की चित्रासारखं हुबेहूब उतरवायचे. अर्थ विचारायची वेळ कधी आली नाही.

पुढे फ्लेक्स आला. रसवंतीवाला सिताराम म्हणाला, “पेंटर, मशीन अर्ध्या तासात काढून द्यायलंय. तुमी तर चार दिवस नुसतं ऊसच काढत बसता.” त्याच्या रसवंतीवरची आमची पाटी उतरली आणि दुकानामागे चिपाडांच्या ढिगाला टेकून उभी राहिली. पेंटरचे गुडघे गेले. त्यांनी माझा चिंधीचा गोळा सोडला, रबरी टोपण बसवलं. मनगटाखालची मी, पायाच्या कामाला लागले.

ती पाटी उचलून नेली उत्तराने. ड्रॉइंगच्या दत्तोपंत मास्तरांची ही मुलगी. शाळेत असताना दोन उन्हाळे ती पेंटरकडे अक्षरं शिकायला यायची. मला धरायला तिला त्यांनीच शिकवलं. पुढे ती कलेचं शिक्षण घेऊन हैदराबादला स्थायिक झाली. चार वर्षांपूर्वी येऊन म्हणाली, “पेंटरकाका, ही प्रदर्शनात लावते. खाली तुमचं नाव.”

“नाव कशाला लागतंय,” पेंटर म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी सहा जणांना सांगितलं होतं.

यंदा तिचा निरोप आला की पाटी लागली. पेंटरची मुलगी शिवरंजनी हैदराबादलाच नोकरीला आहे. इस्त्रीचा सदरा घालून ते तिच्याकडे गेले. ती म्हणाली, अप्पा, आलाच आहात तर दिवसभर फिरू, आणखी दोन दालनं बघू, तुमची पाटी शेवटी.

पहिल्या दालनात जुनी राजेरजवाड्यांची चित्रं होती. शिवरंजनी ऑफिसचा फोन घ्यायला बाहेर गेली. पेंटर प्रत्येक चित्राखालचं इंग्रजी कार्ड अक्षर अक्षर लावून वाचत होते. यू, एन, के, एन, ओ, डब्ल्यू, एन. पाच-सहा चित्रांखाली तेच. “ह्या उन्कनोवननं लय काम केलंय की,” ते स्वतःशीच म्हणाले. दुसऱ्या दालनात रंगीत पोथ्या होत्या. तिथंही तेच नाव. “चित्रं बी काढतोय, पोथ्या बी लिहितोय,” ते मला किंचित आपटत म्हणाले. आवाजात आदर होता.

तिसऱ्या दालनात आमची पाटी एका भिंतीवर एकटीच लावली होती. वर दिवा. हिरवा ऊस, पिवळी अक्षरं, ‘रसवंती गृह’वरची सलग शिरोरेषा. नवी लाकडी चौकट बसवलेली. पेंटर बराच वेळ पाहत उभे राहिले. मग चष्मा वर सरकवून कार्डाकडे वाकले आणि बोट ठेवून वाचू लागले. बोट शेवटच्या अक्षरावर थांबलं.

“शिवरंजनी, हा माणूस माझ्या पाटीवर कसा आला?”

“कुठला माणूस, अप्पा?”

त्यांनी बोट हलवलं नाही. तिने कार्ड वाचलं.

“अप्पा, ते नाव नाही. ‘माहीत नाही’ असं लिहिलंय. कुणी काढलं ते माहीत नाही.”

तेव्हा मी पडले.

शिवरंजनीने मला उचलून त्यांच्या हातात दिलं. पेंटरनी तिथल्या रखवालदाराला सांगितलं की पाटीच्या उजव्या कोपऱ्यात ‘वीरुपाक्ष, सेलू’ असं लिहिलेलं आहे, चौकटीची खालची पट्टी काढा म्हणजे दिसेल. तो म्हणाला, हात लावायची परवानगी नाही. मग शिवरंजनीने उत्तराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. उत्तराने आधी प्रवास कसा झाला विचारलं. मग समजावून सांगितलं: प्रदर्शनाचा विषयच अनाम रंगारी हा आहे, बावीस पाट्या आहेत, एकीखाली नाव दिलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल, सगळी मांडणी बिघडेल. पट्टी तिनेच सांगून बसवून घेतली होती, हेही तिने लपवलं नाही.

तिचं संपल्यावर पेंटर म्हणाले, “बाकीच्यांना तू वळखत न्हवतीस, बाई. मला तर वळखत होतीस.”

उत्तरा म्हणाली, “बघते, काका.”

मित्रांनो, एखादी वस्तू आवडली तर ती कुणी केली ते विचारा. आणि कळलं, तर ते झाकू नका. माझ्यासारख्या काठीचं यापेक्षा जास्त काही मागणं नाही.

या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. पेंटर सेलूला आहेत. पाटी पाहून आलात का, असं लोक विचारतात; पाहिली, एवढंच ते सांगतात. उत्तराचा फोन आलेला नाही. काल दुपारी शिवरंजनी पुन्हा त्या दालनात जाऊन आली. पाटीखालचं कार्ड काढलेलं आहे. त्या जागी दुसरं लावलेलं नाही. चौकटीची पट्टी तशीच आहे. प्रदर्शन रविवारी संपतं.