तीन मोजेपर्यंत थांब

मित्रांनो, मी एक जुना सँडलचा जोड आहे. उंच टाचांचा आणि एकेकाळी सोनेरी असलेला. आता माझा रंग उडाला आहे, उजव्या टाचेचं रबर झिजलं आहे आणि डाव्या पट्ट्याला काळ्या दोऱ्याचे टाके आहेत. कासाब्लांकाच्या दर्ब सुलतान वस्तीतल्या एका घरात, बैठकीच्या गाद्यांखाली मी पडून असतो. मी आयुष्यात एकदाही घसरलो नाही. या गोष्टीचा मला फार गर्व होता.

माझा जन्म म्हाताऱ्या बा इद्रीस चांभाराच्या दुकानात झाला. त्याने माझ्या टाचा तीनतीनदा ठोकून पाहिल्या आणि म्हणाला, "हा जोड कुणाला पाडणार नाही." मला घेतलं लल्ला बतूल यांनी. तरुणपणी त्या काफ्तानच्या, म्हणजे आमच्याकडच्या पायघोळ रेशमी झग्यांच्या, मोठमोठ्या शोमध्ये चालायच्या, आता मुलींना चालायला शिकवत होत्या. तुम्ही म्हणाल, चालायला काय शिकायचं? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

वर्गाच्या फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. तिच्यावर एकापुढे एक पाऊल टाकायचं. खांदे सैल सोडायचे, हनुवटी सरळ ठेवायची. काफ्तानचा पुढचा घोळ फक्त दोन बोटांनी उचलायचा. कमरेला सोनेरी पट्टा इतका आवळलेला असायचा, की श्वास वरच्यावर घ्यावा लागे. टोकाला जाऊन थांबायचं, मनात तीन मोजायचं आणि वळायचं. समोरच्या भिंतीत लल्लांनी एक खिळा ठोकला होता. चालताना नजर त्या खिळ्यावरून हलता कामा नये, हा वर्गाचा सर्वांत कडक नियम होता.

नुहैला शिकायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी लल्लांनी कपाळाला हात लावला. "अगं बये, मागे कुत्रं लागलंय का? बाजार उठायला अजून वेळ आहे!"

वर्गातल्या जोडांपैकी मीच तिच्या पायाला बसलो, आणि मग तिचाच झालो. तिची आई महजूबा काफ्तानसाठी रेशमी दोऱ्याच्या गाठींची बटणं करायची. वाटाण्याएवढं एकेक बटण, वीस वर्षं, खिडकीशी बसून. एका गुरुवारी ती बटणांची पुडी घेऊन वर्गात आली आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर टेकली. नुहैला तेव्हा पट्टीवरून चालत होती. आमच्याकडे मोठ्या माणसासमोरून तसंच पुढे जायची रीत नाही. ती सरळ पट्टी सोडून वळली, वाकून आईच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि परत पट्टीवर येऊन चालू लागली. मुली हसून हसून लोळल्या.

"रॅम्पवर आई नसते!" लल्ला ओरडल्या. "मावशी नसते, कुणी नसतं! शोमध्ये दीडशे जणांची डोकी चुंबत फिरणार आहेस का?"

सगळ्यांत जास्त महजूबाच हसत होती. ती म्हणाली, "लल्ला, मी दर गुरुवारी इथे येऊन बसते. माझ्यासमोरून न बघता गेली, तर सुलतानासमोरूनही जाईल."

आणि खरंच, सगळा हिवाळा ती येऊन बसली. सुरुवातीला खुर्ची जवळ आली की नुहैलाच्या पायाची बोटं माझ्या आत आईकडे वळायची. मला ते कळायचं. वसंत येईपर्यंत ती बोटं सरळ राहू लागली. महजूबा टाळ्या वाजवायची, "शाबास! बघितलंच नाहीस मला!"

त्याच वसंतात महजूबाचे डोळे गेले म्हणा ना. कडेकडेने अंधारत आलेच होते, आता मधोमध जेमतेम एक लहानसं भोक उरलं होतं. समोर स्थिर असेल ते शोधून शोधून दिसायचं, हलणारं निसटून जायचं. वर्षअखेर तेही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बटणं मात्र ती करतच राहिली, कारण त्यांना तिची बोटं पुरत होती.

नुहैलाचा पहिला शो ठरला तेव्हा महजूबा म्हणाली, "बाळा, मला दुसरं काही नको. तुला एकदा काफ्तानमध्ये डोळे भरून बघायचंय. माझ्यासमोर जरा थांबशील?"

लल्लांनी लगेच तोड काढली. "तुला टोकाच्या खुर्चीवर बसवते. तिथे ती तीन मोजेपर्यंत थांबतेच."

"यम्मा, तीन पुरतील?" नुहैलाने विचारलं.

"पुरतील गं. मला तुझं नाक सापडलं की झालं, आणि ते काही लहान नाही."

नुहैलासाठी हिरवा काफ्तान ठरला होता. त्याची सगळी बटणं महजूबाने केली होती. पण शोच्या दुपारी तो पायात येऊ लागला, आणि पडद्यामागे ऐनवेळी तिला दुसरा, डाळिंबी लाल काफ्तान चढवला. बाहेर बसलेल्या महजूबाला हे कळायचा प्रश्नच नव्हता. आणि बाहेर काय घडलं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. हज करून आलेली एक थकलेली हाजिन काठी टेकत उशिरा आली, जागा नव्हती, आणि महजूबा उठली. म्हातारं माणूस उभं असताना तिला बसवेल कसं? टोकाची खुर्ची तिला देऊन ती चाचपडत मधल्या रांगेत जाऊन बसली.

आम्ही निघालो. एकापुढे एक पाऊल, खांदे सैल, नजर दूर. टोकाला नुहैला थांबली. एक, दोन, तीन. समोरच्या खुर्चीकडे तिने पाहिलं नाही, तसं शिकलीच होती ना. आई समोर आहे, बघते आहे, या भरवशावर तिने तीनच्या जागी चार मोजले. मग ती वळली.

परतताना अर्ध्या वाटेवर डावीकडे एक हात वर झाला. ओळखीच्या निळ्या झग्याची बाही होती. माझ्या आत तिची बोटं एकदम वळली, जशी हिवाळ्यात वळायची. सगळा भार डाव्या टाचेवर आला. मित्रांनो, तेव्हा मी नुसता मुरडलो असतो तरी ती थांबली असती! पण मी भार पेलला. मी इमानदार जोड होतो. ती सरळ निघून गेली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पडद्यामागे काफ्तान लगेच उतरवला गेला आणि पेटीत बंद होऊन गाडीतून गेला. तो काही आमचा नव्हता. लल्ला महजूबाला हाताला धरून आत घेऊन आल्या, तेव्हा नुहैला घरच्या कपड्यांत, पण अजून माझ्यावरच उभी होती.

"यम्मा, दिसले का गं मी?"

"दिसलीस म्हणजे काय! डोळे भरून बघितलं," महजूबा हसत म्हणाली. "हिरवा रंग काय शोभतो गं तुला!"

लल्लांनी तोंड फिरवलं. नुहैलाची बोटं माझ्या आत घट्ट मिटली.

"हो यम्मा," ती म्हणाली. "हिरवाच शोभतो मला."

त्या वर्षी महजूबाचं उरलेलं भोकही मिटलं. नुहैलाचं नाव झालं, तिच्याकडे नवे जोड आले, आणि मी गाद्यांखाली गेलो. पण शुक्रवारी कुसकुस खाऊन झाल्यावर ती मला बाहेर काढते. दारापासून आईपर्यंत चालते आणि समोर थांबते. तीन मोजून होतात, तीस मोजून होतात. महजूबाची बोटं हळूहळू तिचं कपाळ, नाक, हनुवटी शोधतात.

"आज कोणता रंग घातलास?" ती विचारते.

"हिरवा," नुहैला म्हणते, अंगात काहीही असलं तरी.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवं रबर नको. माझी एकच विनंती आहे. चालायला जरूर शिका, ताठ चाला. पण तुम्हाला पाहण्यासाठी कुणी हात वर केला, तर पाऊल चुकलं तरी चालेल, थांबा. मी त्या दिवशी चुकलो नाही. आजही ती माझ्यावर उभी राहिली, की मला तो डाव्या टाचेवरचा भार आठवतो.