फिकी ओळ

जावयाने माउसचा बाण तक्त्यातल्या लाल रंगावर नेला आणि तो फिका करायला घेतला. गडद लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा आणखी फिका झाला, आणि शेवटी उरली ती दुधात गुलाबाची पाकळी बुडवून लगेच काढावी एवढीच छटा. त्याने खुर्ची मागे सरकवून लांबून पाहिलं. ओळ जवळजवळ पांढरीच दिसत होती. त्याला हायसं वाटलं.

हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून देणारी ती कंपनी, जावई तिथे नोकरीला. शाखा बऱ्याच. मालकांना आकडे वाचायचा कंटाळा, म्हणून जावयाने अहवालाच्या तक्त्याला नियम घालून दिला होता: ज्या शाखेचं काम ठरल्यापेक्षा जास्त अडलं, तिची सगळी ओळ लाल, नाहीतर हिरवी. मालक या रंगांवर बेहद्द खूश. दर सोमवारी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तक्ता लागायचा, लाल शाखेच्या प्रमुखाला बोलावणं जायचं आणि सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने व्हायची.

आणि या सोमवारी लाल झाली होती ती सासूबाईंची शाखा.

लग्नानंतर जावई वर्षभर घरी बसून होता. त्या वर्षात या बाईंनी एकदाही ‘नोकरीचं काय झालं?’ असं विचारलं नव्हतं. उलट ताटात जरा जास्तच वाढलं होतं. त्यांचा पाणउतारा बघायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्याने नेहमीच्या नियमाच्या वर आणखी एक नियम लिहिला, फक्त त्यांच्या शाखेपुरता, त्या फिक्या रंगाचा. वरचा नियम लागू झाला की संगणक खालच्याकडे बघतसुद्धा नाही. मालकांनीही बघितलं नाही. त्या सोमवारी नाही, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्याही नाही. जावई मनातून स्वतःवर भलताच खूश होता.

रविवारी तो बायकोबरोबर सासूबाईंकडे जेवायला गेला.

“जावईबापू,” वाढता वाढता त्यांनी विचारलं, “तुमच्या त्या तक्त्यात माझी ओळ कुठल्या रंगाची असते हो?”

घास त्याच्या हातातच राहिला.

“असते... साधारण.”

“साधारण हा कुठला रंग?”

बायकोने हसू दाबलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“नाही, विचारते एवढ्यासाठी,” सासूबाई म्हणाल्या, “की स्टेशनजवळची शाखा एकदा लाल झाली तर मालक दुसऱ्या दिवशी तिथे हजर. जुनं यंत्र गेलं, नवं आलं. माझ्याकडे त्यांच्या दुप्पट काम अडलंय. आकडे मीच भरते, मला माहीत नाही का? मग माझ्याकडेच कुणी कसं फिरकत नाही?”

जावयाने ताटाकडे बघत सांगून टाकलं. वरचा नियम, फिका रंग, सगळं.

“सगळ्यांसमोर तुम्हाला कुणी बोललेलं मला बघवलं नसतं, आई.”

“अहो, मालकांची बोलणी मी हिच्या जन्माआधीपासून खातेय. पचतात मला.” त्यांनी आमटीचं पातेलं उचलायला हात पुढे केला, तशा बांगड्या मागे सरकल्या. मनगटाच्या वर भाजल्याचा ताजा चट्टा होता, चांगला तळहाताएवढा.

“हे काय झालं?” बायको ओरडलीच.

“इस्त्रीच्या यंत्रातून वाफ गळते. त्या बाजूला पोरींना उभं करत नाही मी. मीच राहते.”

जावयाने ताट बाजूला सारलं.

सोमवारी सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या त्याने वरचा नियम पुसला. ओळ अशी लाल झाली की दारातून दिसावी. दुपारी सासूबाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, पदर सावरून पडद्यासमोर उभ्या राहिल्या, आणि मालकांनी तोंडाचा पट्टा सोडला. जावई कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. सासूबाई मात्र शेवटपर्यंत शांत होत्या.

“हे असं किती दिवस चालायचं, बाई?”

“तुम्ही येऊन यंत्र बघेपर्यंत, साहेब.”

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“उद्या सकाळी येतो.”

बैठक उठली. बाहेर पडताना सासूबाई त्याच्या खुर्चीपाशी थांबल्या. तो धडपडत उभा राहिला.

“माझं चुकलं, आई.”

“चुकलंच,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते बघून घेतलं. “पण इतक्या वर्षांत मला बोलणी बसू नयेत म्हणून कुणी एवढा खटाटोप केला नव्हता, बरं का.”

आणि परत काही बोलायला न थांबता त्या भराभर जिना उतरून गेल्या.