पोटावरचं नाव

सिऊ-किम आपल्या लेकीच्या नावात एक रेघ जास्त काढते. आमच्या चिनी लिपीत ‘शान’ लिहिताना मधली आडवी रेघ एकच हवी, ही दोन काढते. रात्रशाळेत कुणी चुकीचं शिकवलं, की हिनेच पेंगत पेंगत गिरवलं, देव जाणे. पण हाताला सवय लागली ती लागली. पेइ-शान शाळेत जायची तेव्हा तिच्या डब्यावर, छत्रीच्या दांड्यावर, रेनकोटच्या कॉलरवर ती जास्तीची रेघ असायची. वर्गात पोरं हसायची आणि ही घरी येऊन रडून घर डोक्यावर घ्यायची. सिऊ-किम म्हणायची, “जास्तच आहे ना, कमी तर नाही? तेवढंच आयुष्य वाढेल.”

मी त्यांची शेजारीण, ग्वेत-इंग. माझ्या तोंडाला सगळी गल्ली घाबरते. त्या रविवारी या तोंडाला कसं कुलूप लागलं, ते मलाच ठाऊक.

पेइ-शान आता चाळिशीला टेकली. शहरातल्या प्राणिसंग्रहालयात ती कासवं सांभाळते. वाघ नाही, हत्ती नाही, कासवं! तीही डोंगरातल्या जंगलात पाचोळ्याखाली राहणारी, उंच पाठीची. हात लावला की पोटाची फळी वर ओढून डब्यासारखी बंद होतात. आमच्याकडे त्यांना सापखाऊ म्हणतात, खातात मात्र गांडुळं आणि झाडाखाली पडलेली पिकली फळं. चोर ती पकडून पोत्यात भरतात आणि बोटीनं समुद्रापार नेतात. बोट पकडली गेली की अर्धमेली कासवं पेइ-शानकडे येतात. ती त्यांना सलाईन लावते, जखमा शिवते, अंडी उबवून पिल्लं वाढवते. मादी वर्षाला एखाददुसरं अंडं घालते, म्हणजे आमच्या हल्लीच्या सुनांइतकीच कंजूष. पिल्लू नीट मोठं झालं की त्याला परत डोंगरात नेऊन सोडायचं. कुठे सोडलं ते सख्ख्या आईलाही सांगायचं नाही, असा त्यांचा नियम.

सिऊ-किमला लेकीचा अभिमान म्हणजे किती! भाजी घेताना भाजीवालीला सांगायची, “आमची शान कासवांची डॉक्टर आहे.” डॉक्टर नव्हती ती, पण भाजीवाली कुठे सर्टिफिकेट मागते? मात्र त्या कासवांचं नक्की काय चालतं ते सिऊ-किमला कळत नव्हतं, आणि कळावं अशी सोय पोरीने ठेवली नव्हती. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होते. सिऊ-किमने विचारलं, “ती तुझी कासवं दिवसभर पाण्यातच असतात का गं?”

पेइ-शान मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “आई, तुला काय करायचंय? जेव ना गरम गरम.”

रविवारी शाळेच्या पोरांना घसा बसेपर्यंत समजावणारी ही मुलगी! पण मीही तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्यांदा माशाचं सूप वाढून घेतलं.

गेल्या पानगळीत पेइ-शानच्या गळ्यात गाठ आली. तपासणी झाली आणि रिपोर्ट येईपर्यंत सिऊ-किमला अन्न गोड लागलं नाही. क्वान-यिन देवीपुढे उदबत्ती लावून तिने नवस बोलला, गाठ साधी निघू दे, लेकीच्या नावाने कासव सोडीन. कासव म्हणजे दीर्घायुष्य, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विकायला पकडून आणलेला जीव विकत घ्यायचा, मंत्र म्हणायचे आणि मोकळा करायचा, ही आमच्या देवळातली जुनी रीत. तिला आम्ही जीव सोडणं म्हणतो. त्या शब्दाचा दुसरा अर्थ आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आला नाही.

गाठ साधी निघाली. आता कासव हवं. बाजारात हिरव्या मानेची पाणकासवं ढिगाने मिळतात, पण मी म्हटलं, “ती काय, कोणीही सोडतं. आमच्या आ-हायकडे खरं डोंगरातलं आहे. रानातला जीव, पुण्य चौपट.” आ-हाय माझा दीर. सकाळच्या बाजारात बांबूचे कोंब विकतो. त्या पोत्यांखाली आणखी काय काय असतं, ते घरातल्या सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी विचारत नाही.

त्याने आणलेल्या कासवाच्या पाठीच्या कडेला बारीक खाचा होत्या. सिऊ-किमने बोट फिरवून विचारलं, “हे काय हो?”

“उंदरानं कुरतडलंय,” आ-हाय म्हणाला.

आम्ही विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

मग सिऊ-किम म्हणाली, पुण्य चुकीच्या पत्त्यावर जायला नको, नाव घालू या. शाई धुऊन जाईल म्हणून मी माझं लाल नेलपॉलिश आणलं. तिने कासव मांडीवर उताणं धरलं. ते गच्च बंद झालं होतं. त्या बंद झाकणावर तिने जीभ चावत सावकाश लिहिलं, ‘शान’. रंग वाळेपर्यंत फुंकर घालत बसली आणि म्हणाली, “उघड हं बाळा, आता तुला कोणी काही करणार नाही.”

देवळामागे सिमेंटची टाकी आहे, उभ्या भिंतींची. भिक्खूंनी मंत्र म्हटले, पाणी शिंपडलं, आणि सिऊ-किमने दोन्ही हातांनी कासव पाण्यात ठेवलं. ते पाय मारत भिंतीपाशी गेलं, नखं घासली, वळलं, दुसऱ्या भिंतीपाशी गेलं. आम्ही म्हटलं, बघा, किती खूश आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, रविवारी, आम्ही गल्लीतल्या बायका प्राणिसंग्रहालयात गेलो. सिऊ-किमचाच आग्रह, माझ्या लेकीचं बोलणं तरी ऐका एकदा. तिने पेरूच्या फोडींवर आलुबुखाराची पूड टाकून डबा भरून आणला होता, नवा ब्लाऊज घातला होता. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. पुढे पिवळ्या टोप्यांची शाळकरी पोरं.

पेइ-शान एक ट्रे घेऊन आली. वर कापड होतं. आम्हाला पाहून ती दारातच थबकली. सिऊ-किमने हात हलवला. पोरीने हलवला नाही. मला वाटलं, साहेबीण झाली आता.

तिने कापड काढलं. ट्रेमध्ये कासव होतं, पाय बाहेर पडलेले, मान लांब. मेलेलं.

“हे आपल्याकडेच अंड्यातून बाहेर आलं,” पेइ-शान मुलांना म्हणाली. “माझ्या तळहातावर मावायचं. मोठं झाल्यावर याच्या पाठीला मी या खाचा पाडल्या, म्हणजे पुढे कधी दिसलं तर ओळखता यावं. आम्ही याला डोंगरात सोडलं. आणि हे सापडलं एका देवळाच्या टाकीत. टाकी साफ करणाऱ्यांनी आणून दिलं. हे जमिनीवरचं कासव आहे. थोडं पोहतं, पण चढून बाहेर यायला जागाच नसेल तर दमतं आणि बुडतं. लोक याला जीव सोडणं म्हणतात. मग यानेही सोडला.”

माझ्या शेजारी सिऊ-किमच्या मांडीवर पेरूचा डबा होता. तिने त्याचं झाकण हळूच लावलं.

पेइ-शान बोलत राहिली. सगळीकडे बघत होती, फक्त आमच्याकडे नाही. “डोंगरातून देवळापर्यंत हे चालत आलेलं नाही. कुणीतरी पकडलं, कुणीतरी विकलं. त्या माणसाकडे आणखी असतील, पोत्यात, अन्नपाण्यावाचून. पुढच्या पौर्णिमेला तीही टाकीत जातील, नाहीतर बोटीत. कुणाला तो माणूस माहीत असेल तर नंतर मला एकटीला येऊन सांगा. तुम्ही कोण, ते मी विचारणार नाही.”

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “मावशी, उलटं करून दाखवा ना. आमच्या बाई म्हणाल्या, याच्या पोटाला बिजागरी असते.”

“आज नको.”

“का पण? बिजागरी बघायलाच तर आलो आम्ही.”

“नको म्हटलं ना, बाळा.” आणि तिने पंजा कासवाच्या पाठीवर दाबून धरला, कुणी ओढून नेईल असा.

तेव्हा मला कळलं की तिला माहीत आहे. कासव हातात आलं त्या दिवसापासून माहीत आहे. ती दोन रेघांची ‘शान’ तिने डब्यावर, छत्रीवर, कॉलरवर पाहिलेली. इतके दिवस ती बरोबरच्या लोकांपुढे काय बोलली असेल, कुठे तोंड लपवलं असेल! आणि आमच्यासाठी दार उघडं ठेवत होती बिचारी, नंतर या, एकट्या या, नाव विचारणार नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या बोटांना तेच लाल नेलपॉलिश होतं. मी हात पिशवीखाली सारले.

सिऊ-किमला ते माझ्याआधी कळलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी, एवढी तोंडाची फटकळ बाई, आपल्या बुटांकडे बघत बसले.

ती उठून उभी राहिली.

“आजी, प्रश्न शेवटी घेऊ,” कडेला उभा असलेला कर्मचारी म्हणाला.

“प्रश्न नाही माझा. शान, उलटं कर ते.”

“बस, आई.”

आई म्हटल्याबरोबर पिवळ्या टोप्या मागे वळल्या. पेइ-शानचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. खालच्या आवाजात ती म्हणाली, “बस ना. घरी बोलू आपण.”

“घरी तू कुठे बोलतेस?” सिऊ-किमच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. “मी विचारलं होतं तुला. पाण्यातच असतात का म्हणून.”

पेइ-शान म्हणाली, “हो. विचारलं होतंस.”

“मी सोडलं त्याला. माझ्या या हातांनी ठेवलं पाण्यात. ते भिंतीला नखं घासत होतं आणि मी हात जोडून उभी होते.” सिऊ-किमने ब्लाऊजचं टोक मुठीत धरलं होतं. “कुणाकडून घेतलं तेही मला ठाऊक आहे. पण ते नाव...”

ती थांबली. या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारधर्म पाळत होती, एवढ्या लोकांत, स्वतःची अब्रू चव्हाट्यावर टांगून. तिने पाहिलं असतं तर मी कदाचित तशीच बसून राहिले असते.

“माझा दीर,” मी म्हणाले. बसूनच म्हणाले. “आ-हाय. सकाळच्या बाजारात कोंब विकतो. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोती आहेत. आज सकाळीही आतून खरखर ऐकू येत होती. मी रेडिओ मोठा केला.”

तो कर्मचारी धावतच बाहेर गेला. गल्लीतल्या बायका माझ्यापासून जराशा सरकल्या. बाक लांब होता, जागा होती.

पेइ-शानने पंजा उचलला आणि कासव उताणं केलं. पाण्यात राहूनही रंग गेला नव्हता, चांगल्या कंपनीचं आहे ते. पुढची मुलगी टाचा उंचावून वाचू लागली.

“शान,” ती म्हणाली. “पण चुकलंय. मध्ये एक रेघ जास्त आहे.”

“हो, एक जास्त आहे.”

“कुणी लिहिलं?”

“माझ्या आईने. माझं आयुष्य वाढावं म्हणून.”

मुलीने विचार केला. “हे कासव अजून किती जगलं असतं?”

“बरंच. तू आजी होईपर्यंत तरी.”

“मग ती सगळी वर्षं आता तुमची झाली का?”

पेइ-शान पोरांच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देते, तिची तशी ख्याती आहे. या प्रश्नावर तिने आईकडे पाहिलं. सिऊ-किम तशीच उभी होती, तिला कुणी बस म्हणालं नाही, आणि तीही बसली नाही.