ह्यांची उरलेली किडनी

माझ्या पोटात उजव्या बाजूला जी किडनी आहे, ती आमच्या ह्यांची. बसवून सहा वर्षं झाली. तेव्हापासून ह्यांच्याकडं एकच उरली. एकीवर माणूस आरामात जगतो, फक्त जपायचं, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी एवढी का तापले ते कळेल.

आमचे हे, गंगाधर, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. दिवाळीनंतरच्या तपासणीत डॉक्टर निवेदिता म्हणाल्या, "काका, वजन आठ किलो कमी करा." कसं करायचं ते विचारायला हे थांबतील तर शपथ. दुसऱ्याच दिवशी कारखान्यातल्या विरुपाक्षनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला आणि आमच्या घरातून भाकरी हद्दपार झाली. भात नाही, चपाती नाही, केळंसुद्धा नाही. नुसतं प्रोटीन. पावडरीचा हा एवढा मोठा डबा आणला आणि फ्रिजवर ठेवला, कारण दुसरीकडं कुठं बसेना.

आता आम्ही लिंगायत. घरात अंडं येत नाही. व्हिडिओतला पोरगा दिवसाला आठ अंडी खातो. मग ह्यांनी डोकं लढवलं. शेंगदाण्यात प्रोटीन असतंय की, मग शेंगाचटणी खायची. आपली सोलापूरची, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. सगळं जग ती भाकरीला लावून खातं. हे भाकरी सोडून वाटीभर चटणी दह्यात कालवून चमच्यानं खायला लागले. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. तिच्यात मीठ किती पडतं ते कुटणाऱ्या बाईला विचारा. मी म्हटलं, "अहो, चटणी काय पोटभर खायची गोष्ट आहे का?" तर म्हणे, "शकू, तुला त्यातलं विज्ञान कळत नाही." मी बीएस्सी झालेली बाई, हे दहावी आयटीआय.

वजन मात्र उतरलं. दीड महिन्यात सहा किलो. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं आणि ते कौतुकानं मला दाखवलं. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू. पण तोंडाला कसलातरी वास यायला लागला. पोट साफ होईना, डोकं दुखायचं. लघवीला फेस येतो असंही एकदा बोलून गेले. ते मी कानाआड केलं. माझ्या गोळ्या, माझ्या तपासण्या, माझं पथ्य, यातच घर बुडालेलं. आमच्याकडं किडनी म्हटलं की माझीच, ही सवय सगळ्यांना लागली होती. मलाही.

मग वेळा अमावस्येचा सण आला. त्या दिवशी आम्ही दरवर्षी मंद्रूपला जातो, मोठे दीर महादेवप्पांच्या शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा करायची आणि रानातच पंगत मांडायची. सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, बाजरीची भाकरी, मडक्यातलं ताकाचं आंबील. त्या पंगतीत कुणी नको म्हणत नाही. आणि हे पिशवीतून बाटली काढून पावडर हलवायला लागले.

"गंगा, रानात बसून पावडर पितूस व्हय?" महादेवप्पा म्हणाले. "शकुंतला, ह्याला काय झालंय गं?"

हे हसत हसत उठले आणि तसेच मटकन खाली बसले. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. महादेवप्पांनी पाठीला हात लावून धरलं. मी पायांशी वाकले तर घोटे सुजलेले. बोटानं दाबलं, खड्डा पडला, आणि तो भरून येईना. तो खड्डा मला कुणी शिकवायला नको. माझ्या पायांवर दोन वर्षं बघितलाय.

पानं तशीच टाकून सोलापूर गाठलं. बीपी वाढलेलं. किडनी दमली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ. ह्यांचं एरवी एक पॉइंट दोन असतं. डॉक्टर निवेदिता म्हणाल्या, "काका, धडधाकट माणसानंही असलं काही विचारल्याशिवाय करू नये. तुमची एकच किडनी. तिच्यावर एवढं प्रोटीन घातलंत, वर वाटीवाटीनं मीठ." पावडर त्याच दिवशी बंद. जेवणात दोन भाकऱ्या, भाजी, बेताचं वरण, मीठ कमी, सकाळी चालणं. वजन हळूहळू उतरू दे. तीन आठवड्यांनी परत तपासू, पूर्ण सुधारेल असं आत्ता सांगता येत नाही, असंही म्हणाल्या.

ते तीन आठवडे मी ह्यांच्याशी धड बोलले नाही. जेवायला वाढायची, बीपी बघायची, आणि तोंड फिरवायची. राग होता तो वेगळाच. मला दिलेली किडनी मी एक गोळी न चुकवता सांभाळावी, आणि ह्यांनी स्वतःची एका व्हिडिओवर सोडावी.

काल रिपोर्ट आला. एक पॉइंट चार. "सुधारतंय," डॉक्टर म्हणाल्या, "बाकीचं बघू." घरी येऊन मी गरम भाकरी ह्यांच्या ताटात टाकली आणि शेवटी विचारलंच, "एवढी कसली घाई होती हो?"

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"बसवलेली किडनी जन्मभर पुरतेच असं नाही म्हणतात," ते म्हणाले. "तुझी थकली तर परत द्यायला माझ्याकडं दुसरी कुठं आहे? निदान तुला दवाखान्यात न्यायला-आणायला तरी मी धड पाहिजे की. मला बीपी-शुगर लागली तर तुझं कोण करणार?"

सहा वर्षांत सगळ्यांनी मला विचारलं, भीती वाटते का गं. डॉक्टरांनी विचारलं, जावेनं विचारलं, ह्यांनी तर दर तपासणीला विचारलं. मी ह्यांना एकदाही विचारलं नव्हतं. काल विचारलं.

हे ताटाकडं बघत म्हणाले, "रोज."