वारा कालचाच होता

मी समुद्रात तरंगणारा एक जुना बोया आहे. किनाऱ्यापासून होडीने दीड तासावर साखळीला बांधलेला, पिवळा रंग उडालेला, अंगभर शिंपले चिकटलेला. मित्रांनो, मला हसू नका. एके काळी बंदराच्या कचेरीत माझ्या आकड्यांशिवाय पान हलत नसे.

कारखान्यात माझ्या डोक्यावर वारा मोजणाऱ्या वाट्या बसवल्या आणि पोटात लाटा मोजणारं यंत्र. दोन्ही लागतात, कारण वारा मोठा लबाड. लांब, लोळत जाणाऱ्या लाटांवरून तो बराचसा घसरून जातो. आखूड, उभ्या, नव्या लाटा उठल्या की मात्र त्याला धरायला जागा मिळते. मग त्याच वेगाचा वारा कितीतरी जास्त पाणी ओढतो आणि किनाऱ्यावर नेऊन चढवतो. हे मी वर्षानुवर्षं कळवलं. दोनदा खालची वस्ती वेळेत रिकामी झाली, तेव्हा कचेरीच्या भिंतीवर माझा फोटोही लागला होता.

पुढे सगळ्यांना माझा विसर पडला. शिंपल्यांनी मी जड झालो आणि पोटातलं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाली ताई आली, तेव्हा होडी तिचे बाबाच चालवत होते. त्यांची होड्यांची शेड अगदी पाण्याकाठी होती.

"नवं यंत्र बसवावं लागेल," ताई वायरलेसवर म्हणाली.

"वाऱ्याचा आकडा येतोय ना?" कचेरीतले साहेब म्हणाले. "मग लाटांच्या रकान्यात 'कालच्याप्रमाणे' लिहू. पुढच्या महिन्यात बघू."

"बाबा, तोवर शेड रिकामी करा."

"साहेबांपेक्षा तू शहाणी!" बाबा हसले. "पाणी चढणार असेल तर धक्क्यावरच्या फलकावर लिहितील की."

त्यानंतर नवव्या दिवशी वाऱ्याने कूस बदलली आणि तो किनाऱ्याकडे वळला. वेग कालचाच होता, वाट्यांनी तसंच कळवलं. पण माझ्याखालचा समुद्र पार बदलला होता. दूरच्या वादळाच्या जुन्या लाटा आडव्या येत होत्या आणि त्यांच्या पाठीवर आखूड, उभ्या लाटा उठत होत्या. वाऱ्याने पाण्याची मानगूट धरली होती. माझी साखळी ताठ झाली. मला सगळं कळत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. मी फार घाबरलो. फलकावर काय लिहिलं असेल, ते मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि चढलेलं पाणी मागे फिरलं. त्याच्यासोबत फळ्या आल्या, एक दार आलं, मग बाबांची होडी आली. तिच्यात कोणी नव्हतं.

आठवड्याने ताई आली. होडी दुसराच माणूस चालवत होता. तिने शिंपले खरवडले, यंत्र बदललं. "सुरू झालं का?" वायरलेसवर साहेब हळू आवाजात विचारत होते. तिने तो बंद केला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची वेळेवर काळजी घ्या. आमची दया येते म्हणून नव्हे. त्या दिवशी माझ्या भरवशावर एक माणूस शेडमध्ये बसून राहिला होता.