पहिल्या बाजूची सहा गाणी

आमच्या रेडिओ केंद्रात स्टुडिओ एकच. रविवारी सकाळी नऊ वाजले की त्यातून देव बाहेर पडतो आणि रॉक अँड रोल आत शिरतं, असं आमचा रखवालदार म्हणतो. मला ते पटत नाही. देव कुठे जात नाही, खुर्चीवरचा माणूस तेवढा बदलतो.

आठ ते पावणेनऊ बुवा असतात, मग पाव तास आधीच भरून ठेवलेल्या जाहिराती. मांडीवर छोटी पेटी घेऊन अर्धं बोलत, अर्धं गात प्रवचन करतात. ऐकताना मी काचेपलीकडे आवाजाच्या टेबलावर बसून डोळे पुसते आणि बटणं ओली करते. नऊ ते दहा रेकॉर्डभाऊंचा ‘ओळखा धागा’. जुनी रॉक अँड रोल गाणी, दर आठवड्याला एका धाग्यात ओवलेली. कधी सगळी आगगाडीची, कधी टेलिफोनची, एकदा तर नुसती बुटांची. धागा कोणता ते श्रोत्यांनी फोनवर ओळखायचं. पहिल्या बरोबर उत्तराला केंद्राचा पिवळा कप.

त्यातले एकतीस कप रेकॉर्डभाऊंच्या ताईकडे गेले होते. बाजारपेठेत तिचं केस कापायचं दुकान आहे. नातेवाइकांनी भाग घेऊ नये असा नियम आहे, पण तो तिला सांगायला जायची कुणाची छाती नव्हती. तिसरं गाणं संपायच्या आत तिचा फोन यायचा, मागे कात्रीची कचकच आणि गिऱ्हाइकांचा हशा.

तीन महिन्यांपूर्वी ते थांबलं. त्या रविवारी धागा होता ‘मोडतोड’. रेकॉर्डभाऊ रंगात आले आणि सांगून गेले, “आमच्या ताईनं लहानपणी माझी पहिली रेकॉर्ड इस्त्रीखाली घातली होती. रुमालासारखी सपाट होईल म्हणून.” सगळं गाव हसलं. तिच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती, तीही हसली. संध्याकाळी केंद्रावर एक खोकं आलं. आत एकतीस पिवळे कप, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. चिठ्ठी नाही.

खरी गोष्ट निराळी होती. ती त्यांनी मला पुढे एकदा चहा पिताना सांगितली, चमच्याकडे बघत. रेकॉर्ड त्यांनीच खिडकीत उन्हात विसरली होती. ती वाकडी झाली. वडील विचारायला लागल्यावर आठ वर्षांच्या भावानं अकरा वर्षांच्या बहिणीचं नाव सांगितलं, इस्त्रीची कथाही तेव्हाच रचली. ताईला वर्षभर रेकॉर्डप्लेअरच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी झाली. घरात नाचायची हौस फक्त तिलाच होती. “इतकी वर्षं सांगत आलोय,” ते म्हणाले, “की मलाही ती इस्त्री दिसायला लागली होती.”

चारदा तिच्या दारात जाऊन आले. चौथ्यांदा तिनं दार उघडलं, एवढंच म्हणाली, “रेडिओवर नाव घालवलंस, रेडिओवरच परत दे.” आणि भाचीचं लग्न येत्या गुरुवारी होतं. मामाला निमंत्रण नव्हतं. म्हणजे हा रविवार शेवटचा.

आणि त्याच रविवारी रेकॉर्डभाऊ पावणेनऊला माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं तर आतून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला.

“काय झालं?” मी विचारलं.

त्यांनी कागदावर लिहिलं, ‘तालीम. आठवडाभर. रेकॉर्डच्या खोलीत. मोठ्यानं.’

“कसली तालीम?”

‘माफीची.’

मला हसू आलं ते मी खोकून लपवलं. इमारतीत माणसं तीनच होती. मी, रखवालदार आणि पेटीला खोळ घालणारे बुवा. माझा आवाज माइकवर कसा लागतो ते मला ठाऊक आहे, आणि रखवालदाराला दारावरून हलता येत नाही.

बुवांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “तासभर बोलायचं, हरकत नाही. बोलण्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही, घरी विचारा. गाण्यांचे शब्द मला कळत नाहीत, पण भाव कळतो.” मग रेकॉर्डभाऊंनी पुढे केलेला माफीचा कागद त्यांनी वाचला, घडी घातली आणि रेकॉर्डभाऊंच्या खिशात परत ठेवला. “हे मात्र मी वाचणार नाही.”

रेकॉर्डभाऊंनी हात जोडले.

“तसं नाही हो. चूक तुमची आणि तोंड माझं? मग माफी मिळाली तर ती कुणाच्या घरी पाठवायची? तिथपर्यंत मी तुम्हाला आणून सोडतो. पुढे तुम्ही.”

रेकॉर्डभाऊंनी स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

“गळा कसा आहे ते कुणी विचारत नाही,” बुवा म्हणाले. “बसा.”

नऊ वाजले, लाल दिवा लागला. रेकॉर्डभाऊंनी पिशवीतून रेकॉर्ड काढली. तिची एक कड भाजलेल्या पापुद्र्यासारखी वर उचललेली. मी काचेवर टकटक केलं, मान हलवली. त्यांनी दोन्ही हातांनी मला शांत बस म्हणून खूण केली आणि सुई टेकवली.

पियानो धडधडत सुरू झाला, गायक ओरडला आणि सुई उडाली. पुन्हा तोच शब्द. पुन्हा उडाली. एकाच गाण्यात तीनदा. फोनचे दिवे लागले. पहिल्या बाई म्हणाल्या, “तुमचं यंत्र बिघडलंय का?” दुसऱ्या गृहस्थांनी विचारलं, धागा उचकी आहे का.

“उचकी नव्हे,” बुवा माइकवर म्हणाले, “पण तुमचा कान चांगला आहे. मंडळी, आज यजमानांचा घसा बसलाय म्हणून मी. आता हा मुलगा काय म्हणत होता? कुणालातरी हाक मारत होता आणि हाक तीनदा अडली. आपलीही अडते. आतून निघते, दातांशी येऊन थांबते. ऐका पुढचं.”

दुसऱ्या गाण्यात गिटार नुसतं उधळलं होतं. बुवांनी मांडीवर ठेका धरला, मग टेबलावर, मग न राहवून पेटीची खोळ काढली. तिसरं संपल्यावर ते त्या सुरात दोन ओळी स्वतःच्या पदरच्या गायले, की बाळा, घर सोडून किती लांब जाशील, पाय शेवटी उंबऱ्याकडेच वळतात. खरं सांगते, शोभलं. सॅक्सोफोनच्या मागोमाग पेटी आली तर ती धाकटी बहीण आल्यासारखी वाटली.

एक तरुण फोनवर म्हणाला, “धागा मुली आहे का?”

“तसं पाहिलं तर बऱ्याच गोष्टींचा धागा तोच असतो,” बुवा म्हणाले. “पण आज नाही.”

बाजारपेठेतल्या दुकानाचा नंबर मला पाठ आहे. तो काही दिसेना. चौथं गाणं झालं, पाचवं झालं. सुई आता उडत नव्हती. रेकॉर्डभाऊ कोमट पाणी घोटघोट पीत फिरत्या तबकडीकडे बघत होते.

“मंडळी, एक गंमत लक्षात आली का?” बुवा म्हणाले. “ही रेकॉर्ड वाकडी आहे. पण वाकडेपणा सगळा कडेला. जसजसं आत जावं तसतशी सरळ. माणसाची घडण याहून निराळी नसावी, असा माझा अंदाज आहे.”

सहावं गाणं हळू होतं. ते संपलं तेव्हा दहाला नऊ मिनिटं कमी होती.

“आता धागा,” बुवा म्हणाले. “मला तो माहीत आहे. पण तो माझा नाही, म्हणून मी सांगत नाही.” आणि त्यांनी माइक उचलून रेकॉर्डभाऊंच्या तोंडासमोर ठेवला.

काही नाही. माझ्या टेबलावरचा काटा शून्यावर पडून राहिला. दहा सेकंद शांतता झाली की भरीचं संगीत लावायचं, असा आमच्याकडे नियम आहे. बारा झाली. माझं बोट बटणावर होतं. ते मी पदरात गुंडाळून घेतलं.

“ताई,” बिजागरी करकरली. काटा जेमतेम हलला. मी आवाज वाढवता येईल तेवढा वाढवला. “इस्त्री नव्हती. खिडकी होती. मी ठेवली... उन्हात. मी. नाव तुझं सांगितलं. तेव्हाही, आणि... परवाही. माझं चुकलं.”

खिशातल्या कागदावर दोन पानं होती. त्यातलं एवढंच बाहेर आलं.

दिवा लागला. तोच नंबर. मी विचारलं नाही, सरळ जोडून दिला.

“धागा ओळखला,” ताई म्हणाली. मागे कात्री बंद होती.

“सांगा,” बुवा म्हणाले.

“खिडकीतली रेकॉर्ड. पहिली बाजू, एक ते सहा.”

“कधी ओळखलात?”

“पहिल्याच उडीला. माझ्या हातात गिऱ्हाइकाचा कान होता, थोडक्यात वाचला.”

“मग पन्नास मिनिटं कुठे होतात?”

“बघत होते, हा स्वतः बोलतो का तुम्हाला बोलायला लावतो. तुम्ही फार गोड बोलता हो बुवा. पण तुमच्या तोंडून आलं असतं तर मी रेडिओ बंद करून झाडू मारायला घेणार होते.” मग तिचा आवाज बदलला. “बारक्या, घशाला काय झालं?”

“तालीम,” रेकॉर्डभाऊ करकरले.

“कसली?”

“माफीची.”

मग हसू ऐकू आलं, आणि ते तिचं होतं. गिऱ्हाइकं नंतर हसली.

“शाळेच्या नाटकातही असंच केलं होतंस. झाडाचं काम होतं, तरी घसा बसला होता. ऐक, बत्तिसावा कप झाला. बाकीचं खोकंही घेऊन ये. तीन महिने माझे कंगवे बिस्किटांच्या डब्यात आहेत. आजच आण. तुझी भाची विचारतेय मामाच्या कोटाचं माप.”

रेकॉर्डभाऊंनी मान हलवली. रेडिओवर मान हलवून काय उपयोग, पण तिला ते दिसलं असावं.

“आणि गुरुवारी ती रेकॉर्ड आण. नाचायचंय मला.”

“उडते ती,” ते कसेबसे म्हणाले.

“कुठे उडते ते पाठ आहे मला. वर्षभर दाराबाहेर पॅसेजमध्ये नाचले मी तिच्यावर. उडी आली की गिरकी घ्यायची.”

फोन ठेवला गेला. रेकॉर्डभाऊ चष्मा पुसत होते, बराच वेळ, एकच काच. मी शेवटची धून लावायला हात पुढे केला, तेवढ्यात बुवांनी तबकडी उलटी करून बघितली. दाराच्या काचेतून दहाच्या बातम्या वाचायला आलेली बाई घड्याळ दाखवत होती.

“मुली,” बुवा मला म्हणाले, माइक चालू आहे हे विसरून, “या बाजूला किती गाणी आहेत? मला वाटतं, माझं अजून निम्मं सांगायचं राहिलंय.”