नाकाचा भरवसा

चामड्याच्या कारखान्यात त्याला सगळे नाक्या म्हणत. पिंपाचं झाकण उघडण्याआधीच आत काय कुजलंय ते तो सांगे. वायू मोजायचं यंत्र कपाटात पडून होतं. टाकीत उतरायची वेळ आली की लोक यंत्र काढत नसत, नाक्याला हाक मारत. त्याचा त्याला थोडा अभिमानही होता, खोटं कशाला सांगा.

सांडपाण्याच्या टाकीत उतरत ते त्याचे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान. हा वर त्यांच्या कमरेला बांधलेला दोर धरून बसे. दोघांची एक रीत होती. वरून टोमणा मारायचा, खालून त्याचं उत्तर यायचं. उत्तर आलं म्हणजे माणूस ठीक आहे.

त्या दिवशी चहाच्या वेळी नाक्याने चारचौघांत भावोजींच्या घोरण्याची नक्कल केली. सगळे हसले, भावोजी हसले नाहीत.

टाकीचं झाकण काढलं तसा सडक्या अंड्यांचा भपकारा आला. गाळातून असा वायू सुटतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाक्या तोंडाशी वाकून हुंगत राहिला. डोळे चुरचुरत होते. हळूहळू वास विरला, मग येईनासाच झाला.

"उतरा भावोजी, साफ आहे."

भावोजी मुकाट्याने उतरले.

"खाली घोरू नका हं," तो वरून म्हणाला. उत्तर नाही. स्वारी घुश्शात आहे, त्याला वाटलं. जावयाचा रुसवा तो, एका हाकेत थोडाच जाणार? आपणच का नमतं घ्यायचं म्हणून तोही गप्प बसला. मग राहवेना. "बरं, चुकलो," म्हणत त्याने दोर हलवला. दोर दगड बांधल्यासारखा जड होता.

तो शिडीकडे धावला, तेव्हा पंपवाल्याने त्याला कमरेला धरून मागे खेचलं. चौघांनी दोर ओढला. भावोजी वर आले, पण श्वास नव्हता.

सुरक्षा अधिकारी बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं, की हा वायू वाढला की आधी नाक बधिर करतो. वास जातो, वायू तिथेच असतो, आणि तो हवेहून जड, म्हणून तळाशी जास्त.

संध्याकाळी बहिणीच्या खोलीत नाक्याचं नाक पुन्हा जागं झालं होतं. खुंटीवरच्या धुतलेल्या सदऱ्याचा साबणाचा वास त्याला दारातूनच आला.

"तुला कळलं नाही?" बहिणीने विचारलं.

"वास गेला ताई. मला वाटलं, वायूच गेला."

"आणि ते बोलेनासे झाले, तेव्हा?"

"वाटलं, रुसलेत."

तिने सदरा खुंटीवरून काढून मांडीवर घेतला.

"माझ्यावर रुसायचे रे," ती म्हणाली. "तुझ्यावर त्यांना कधी रुसताच आलं नाही."